ठाणे खाडी आणि मुंबई बंदर : नुसते पाणी तपासून भागणार नाही

मुंबई बंदर आणि ठाणे खाडी यांचे पाणी एकच आहे. काठच्या शहरांचे सांडपाणी, ठाणे-बेलापूर औद्योगिक पट्ट्यातले नाले, माहुलचे तेलशुद्धीकरण कारखाने आणि १९८९पासून न्हावा-शेवा बंदराला लागणारी जहाजे, या सगळ्यांचा भार त्यावर पडतो. उत्तरेला खाडी अरुंद आणि उथळ होत जाते. तिथली घाण ओहोटीबरोबर समुद्र गाठण्याआधीच पुढची भरती तिला मागे लोटते.

केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने किनाऱ्यालगतच्या पाण्याचे वापरानुसार पाच वर्ग केले आहेत. बंदर चौथ्या वर्गात मोडते; तिथे लिटरमागे ३ मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू चालतो. आंघोळ आणि व्यापारी मासेमारीच्या दुसऱ्या वर्गात ४ मिलिग्रॅम लागतो. ज्या पाण्यात कोळी आजही जाळे टाकतात, ते बंदराच्या सैल मापाने मोजणे हा सरळ अन्याय आहे.

प्राणवायूचा आकडा वेळेप्रमाणेही बदलतो. दुपारी शैवाल प्राणवायू सोडते, पहाटे तो सर्वांत कमी असतो. भरतीला समुद्राचे पाणी घाण पातळ करते. त्यामुळे भर दुपारी, भरतीला, पृष्ठभागावरून भरलेली बाटली खाडीची बाजू सांगूच शकत नाही. नमुना पहाटेचा हवा, ओहोटीचा हवा, उधाणाचा आणि भांगाचाही हवा, शिवाय तळालगतचाही.

खरी नोंद मात्र गाळात असते. पारा, शिसे, कॅडमियम बारीक चिखलाला चिकटून तळाशी बसतात आणि जहाजांची वाट खोल करण्यासाठी गाळ उपसला की पुन्हा ढवळले जातात. निरोगी तळात नाना जातींचे कृमी, शिंपल्या, खेकडे सापडतात. प्राणवायू आटला की कॅपिटेलासारखे मोजके चिवट कृमीच उरतात. कालवे पाणी गाळून खातात, म्हणून त्यांच्या मांसात धातू साठतात, आणि तीच कालवे माणसांच्या ताटात येतात. तळातल्या जीवांची गणती आणि गाळाची व कालवांची तपासणी दर ऋतूत, ठरलेल्या जागी व्हायला हवी.

फ्लेमिंगोंचे थवे हा स्वच्छतेचा दाखला नव्हे. खाडीतले त्यांचे अभयारण्य २०२२मध्ये महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या रामसर यादीत गेले, ही अभिमानाचीच गोष्ट आहे. पण ‘लहान फ्लेमिंगो’ ही जात ज्या शैवालावर जगते, ते सांडपाण्यातल्या पोषकद्रव्यांवर फोफावते.

७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ ‘एमएससी चित्रा’ आणि ‘खलिजिया-३’ ही जहाजे एकमेकांवर आदळली, शेकडो टन तेल सांडले, तिवरांची मुळे माखली. अशा वेळी नुकसान किती झाले हे ठरवायला अपघाताआधीची नोंद लागते. ती नसेल तर भरपाई मागणाऱ्या कोळ्याच्या हातात पुरावा उरत नाही. म्हणून पाणी, गाळ आणि जीव या तिन्हींचे निकाल जागा, तारीख आणि भरतीची वेळ यांसह, मराठीत, प्रत्येक कोळीवाड्याच्या धक्क्यावर प्रत्येक तपासणीनंतर लावले जावेत.