सप्ताहात त्यांची नावं वाचा

१४ फेब्रुवारी जवळ आला की आपल्या बीड जिल्ह्यातल्या पोरांचे मोबाईल पुलवाम्याच्या हल्ल्याच्या फोटोंनी भरतात. मी सीआरपीएफमध्ये नोकरी करून गावी परतलेला माणूस. माझी पहिली विनंती हीच, की जळालेल्या बसचे, मृतदेहांचे फोटो पुढं पाठवू नका. त्या जवानांची लेकरं आता मोठी होतायत, त्यांच्याही हातात मोबाईल आहे.

२०१९ साली बर्फामुळं जम्मू-श्रीनगर रस्ता काही दिवस बंद होता. तो उघडल्यावर ७८ गाड्या आणि सीआरपीएफचे अडीच हजारांवर जवान एकदमच निघाले. पहाटे जम्मू सोडलेल्या ताफ्यावर दुपारी पुलवामा जिल्ह्यात लेथपोऱ्याजवळ स्फोटकांनी भरलेली गाडी येऊन आदळली. ४० जवान गेले. त्यात बुलढाणा जिल्ह्यातले दोघे होते, मलकापूरचे संजय राजपूत आणि लोणार तालुक्यातले नितीन राठोड. ताफ्यातले कितीतरी जण सुट्टी संपवून निघालेले. सुट्टीवरून परतणाऱ्याच्या बॅगेत काय असतं ते आम्हाला विचारा. इस्त्रीच्या कपड्यांखाली शेंगदाण्याच्या चटणीचा डबा असतो, आणि तो बराकीत पोचायच्या आत अर्धा होतो.

माझे सोबती मात्र छत्तीसगडच्या जंगलात गेले. त्यांची बातमी एक दिवस चालली. ६ एप्रिल २०१० ला तेव्हाच्या दंतेवाडा जिल्ह्यात ताडमेटल्याला नक्षलवाद्यांच्या हल्ल्यात एका सकाळी ७६ जण गेले, तो दिवस तरी किती जणांच्या ध्यानात आहे? जवान गेला की त्याची पेटी उघडून सामानाची यादी करतात. एका मित्राची यादी मी लिहिली. बूट पॉलिशची डबी, दाढीचं सामान, कॅन्टीनची पावती आणि त्याच्या मुलीनं वहीतून फाडून दिलेलं, पाढा लिहिलेलं पान. यादीत ते ‘कागद १’ झालं. माणूस सरकारी कागदावर इतकाच उरतो, बाकीचा त्याच्या गावानं सांभाळायचा असतो.

आता आपल्याकडची अडचण बघा. फेब्रुवारीत अर्धं गाव ऊस तोडायला कोयता घेऊन कारखान्यावर असतं. चौकात मेणबत्त्या लावायला पोरं आणि म्हातारी माणसंच उरतात. म्हणून मी म्हणतो, तारखेला अडून बसू नका. तोडणीहून माणसं परतली की उन्हाळ्यात कितीतरी गावांत हरिनाम सप्ताह बसतो. काल्याच्या दिवशी सगळं गाव मांडवात असतं, माईक असतो. कीर्तनाआधी पाच मिनिटं मागून घ्या. आपल्या तालुक्यातले जे सैन्यात, सीआरपीएफमध्ये, गडचिरोलीच्या पोलिसांत असताना गेले, त्यांची नावं गावासकट वाचा. भाषण नको. नावं वाचायला शाळेतली पोरगी उभी करा.

आणि त्यांच्या घरी जा. बंगळूरला राहणारे संगीतकार उमेश जाधव पुलवाम्यातल्या जवानांच्या घरोघर गेले, अंगणातली माती गोळा केली. सुमारे ६१ हजार किलोमीटर फिरून १४ फेब्रुवारी २०२० ला ती लेथपोऱ्याच्या स्मारकाला दिली. आपल्याला तर शेजारच्या गावालाच जायचंय. कॅमेरा नेऊ नका. जवान कसा गेला हे त्याच्या आईला विचारू नका, ते त्या माउलीनं शंभरदा सांगितलंय. शाळेत कसा होता, कुणाच्या विहिरीत पोहायला शिकला, ते विचारा. ती बोलायला लागली की उठायची घाई करू नका.

भरतीसाठी पहाटे रस्त्यावर पळणाऱ्या पोरापोरींनो, हे सगळं तुम्ही आधी करा. शिवाय २१ ऑक्टोबरला पोलीस स्मृतिदिन असतो. १९५९ साली त्या दिवशी लडाखात हॉट स्प्रिंग्जला चिनी सैन्याशी लढताना १० पोलीस जवान गेले. त्या सकाळी बीडच्या पोलीस मुख्यालयात या, मागं उभं राहून वर्षभरात गेलेल्यांची नावं ऐका. नोव्हेंबरात अशा जवानांच्या घरच्यांना पेन्शनसाठी हयातीचा दाखला द्यावा लागतो. गावातली तरणी माणसं तेव्हा तोडणीला निघालेली असतात आणि म्हातारी आई बँकेत कुणासोबत जायचं या विचारात असते. तिला गाडीवर बसवून घेऊन जा, आधार कार्ड आणि पासबुक घेतलंय का ते घरातून निघतानाच बघा.