बजाजी, लाकी आणि गच्चीची किल्ली

‘रस्त्यावर ये आणि सरळ एक बजाजी पकड.’

दार-ए-सलाममधल्या टीममेटनं फोनवर हे सांगितलं तेव्हा मला वाटलं, नेटवर्कमध्ये काहीतरी लोचा आहे. खाली उतरले तर समोर चक्क आपली रिक्षा! तीच तीन चाकं, तोच फटफटाट. कंपनी कुठलीही असो, टांझानियात रिक्षा म्हणजे बजाजी. आपण नाही का कुठल्याही वनस्पती तुपाला डालडा म्हणत, तसं. अनेक वर्षं आकुर्डीवरून ऑफिसला गेलेल्या माझ्यासारख्या पुणेकरणीला भरून यायचंच बाकी होतं. (मीटर नाही, भाव आधी ठरवायचा. म्हणजे तेही घरच्यासारखंच.)

तीन आठवड्यांचं काम होतं. सॉफ्टवेअर बसवायचं, लोकांना शिकवायचं, परत यायचं. ‘सफारी करून ये,’ असं बॉस म्हणाला होता. सिंह काही दिसला नाही, पण संध्याकाळी पाचनंतर शहर मात्र जाम पालथं घातलं. आणि हे शहर तर कानांनीच ओळखीचं व्हायला लागलं. दुकानाला दुका, चहाला चाय, विम्याला बीमा, हुंडीला हुंडी, कोशिंबिरीला कचुंबरी. आणि लाखाला लाकी. टीममेट महिन्याला तीन लाकी घरभाडं देतो म्हटल्यावर मी गारच पडले. मग हिशेब केला. आपल्याकडे धंदा बुडाला की लाखाचे बारा हजार होतात, इथे शिलिंगचे रुपये केले की न बुडताच साधारण साडेतीन हजार होतात.

हे शब्द वाऱ्यावर आले, अगदी शब्दशः. हिवाळ्यातल्या ईशान्य वाऱ्यांवर कच्छ-गुजरातची गलबतं इकडे यायची आणि पावसाळी वाऱ्यांवर घरी परतायची. पण ती यायची झांझिबारला. दार तेव्हा नव्हतंच. मुंबईत 1853 साली आगगाडी धावली तेव्हा इथे मझिझिमा नावाचं कोळ्यांचं छोटंसं गाव होतं. 1860 च्या दशकात झांझिबारचा सुलतान माजिद याची नजर इथल्या खाडीवर पडली. तोंड अरुंद, आत मात्र ऐसपैस. आफ्रिकेच्या पोटातून हस्तिदंत आणि (हे लपवण्यात अर्थ नाही) गुलाम घेऊन येणारे तांडे इथे उतरवायचे, असा त्याचा प्लॅन. प्रवाळाच्या दगडाचा वाडा उठला, व्यापाऱ्यांना बोलावणी गेली. आणि 1870 मध्ये माजिद वारला. नव्या वाड्यात पाय घसरून पडला, असं सांगतात. पुढचा सुलतान, त्याचा भाऊ बरगश, याला या प्रोजेक्टमध्ये काडीचा इंटरेस्ट नव्हता. झालं! अर्धवट शहर तसंच पडून राहिलं.

ते उचललं जर्मनांनी. त्यांची राजधानी बागामोयो, पण तिथला किनारा उथळ, आगबोट लांबच उभी करावी लागे. 1891 मध्ये त्यांनी बस्तान दारला हलवलं. 1905 मध्ये इथून रेल्वे निघाली ती साडेबाराशे किलोमीटर आत, टांगानिका तळ्यापर्यंत, 1914 मध्ये पोचली. त्याच वर्षी महायुद्ध पेटलं आणि 1916 मध्ये शहर इंग्रजांच्या हाती गेलं. मेहनत एकाची, मलई दुसऱ्याची.

मलई म्हटलं की कारियाकोला जायलाच हवं. दारचा हा सगळ्यात मोठा बाजार. झांबिया, काँगो, मलावीपर्यंतचे दुकानदार इथे माल भरायला येतात. पाय ठेवायला जागा नसते, आणि तरी कोणीतरी डोक्यावर बुटांचं अख्खं दुकान घेऊन तुमच्या शेजारून सुळकन जातो. 2021 मध्ये मुख्य मंडईला आग लागली. 2024 मध्ये इथली एक इमारत कोसळून वीसहून जास्त माणसं गेली. बाजार थांबला नाही. मला नाव फार गोड वाटलं होतं, म्हणून अर्थ विचारला. ‘कॅरिअर कोअर,’ टीममेट म्हणाला. पहिल्या महायुद्धात इंग्रजी फौजेचं ओझं वाहायला आफ्रिकी हमाल धरून नेले. ते गोळीपेक्षा रोगराईनं आणि उपासानं मेले, हजारोंनी. त्यांचा तळ पडला होता ती ही जागा. त्यानंतर तिथून मी दोन चपला घेतल्या, पण घासाघीस करवली नाही.

इंग्रजांनी शहराचे कप्पे पक्के केले. समुद्राकाठी झाडीत गोऱ्यांचं उझुंगुनी, मधे दुकानांचं उहिंदिनी, पलीकडे आफ्रिकनांसाठी कारियाकोची बाजू. मधलं म्नाझी म्मोजा मैदान आरोग्याच्या नावाखाली मोकळं ठेवलं, जेणेकरून इकडचं वारं तिकडे लागू नये. आज त्या मैदानावर पोरं फुटबॉल खेळतात.

उहिंदिनीतल्या किसुतू रस्त्यावर देवळांची रांग आहे. शाकाहारी माणूस परदेशात शेवटी देवळापाशीच पोचतो. तिथल्या फरसाणाच्या दुकानात मी मोडक्या गुजरातीत भाव विचारत होते आणि शेजारून एक मासी हसल्या. सत्तरी पार केलेल्या. ‘पूना? चल, चहा पी.’ मी गेले. लिफ्ट बंद, चौथा मजला. इमारतीच्या कपाळावर सिमेंटमध्ये कोरलेलं त्यांचं आडनाव आणि खाली 1949.

‘म्हणजे बिल्डिंग तुमची?’ मी दम खात विचारलं.

‘भाडं भरतो आम्ही,’ मासी म्हणाल्या.

गोष्ट अशी. देश 1961 मध्ये स्वतंत्र झाला. 1967 मध्ये अध्यक्ष न्येरेरे यांनी समाजवादाची घोषणा केली, बँका सरकारी झाल्या. 1971 मध्ये इमारतींची पाळी आली. किंमत एक लाख शिलिंगांवर आणि भाड्यानं दिलेली असेल तर इमारत सरकारजमा. परत तोच लाख! दहा वर्षांहून जुनी असेल तर भरपाईही नाही. बहुतेक मालक अर्थातच आशियाई होते. मासींच्या सासऱ्यांनी खालचे तीन मजले भाड्यानं दिले होते. रात्री झोपले ते मालक म्हणून, उठले ते भाडेकरू म्हणून, त्याच खाटेवर. दोघे दीर कॅनडाला गेले, नणंद लेस्टरला. मासींच्या नवऱ्यानं जायचं नाही असं ठरवलं.

मी तावातावानं ही गोष्ट दुसऱ्या दिवशी टीममेटला सांगितली. त्यानं नीट ऐकून घेतली. मग म्हणाला, ‘माझे आजोबा त्या रस्त्यावर तीस वर्षं पोती वाहत होते. रात्र झाली की मैदान ओलांडून कारियाकोत, एका खोलीत आठ जण. त्या बिल्डिंगमध्ये त्यांना कोण खोली देणार होतं?’

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मजा म्हणजे त्यालाही आज उहिंदिनीत घर परवडत नाही. तो राहतो किमाराला, ‘म्वेंडोकासी’ नावाच्या बीआरटीच्या शेवटच्या स्टॉपला. (2016 पासून धावते. गर्दीच्या वेळी शिरणं हा स्वतंत्र क्रीडाप्रकार आहे.) तीन लाकी भाडं ठीक, पण घरमालक सहा महिन्यांचं, कधी वर्षाचं एकदम मागतो. त्याचा मालक आफ्रिकीच आहे. न्येरेरेंचा कायदा योग्य होता का, असं मी विचारलं तर म्हणाला, ‘कारण योग्य होतं. घर मात्र मला मिळालं नाही.’ मला विचाराल तर मासींवर अन्याय झाला, असंच मी म्हणेन. पण त्याच्या आजोबांवर आधी झाला होता, आणि एकानं दुसरा फिटला नाही.

दरम्यान 1973 मध्ये राजधानी दोडोमाला न्यायचं ठरलं. सरकार खऱ्या अर्थानं हललं 2016 नंतर, आणि ही बातमी दारला कोणी कळवली नसावी. 1967 मध्ये पावणेतीन लाख माणसं होती, 2022 च्या जनगणनेत त्रेपन्न लाखांवर. गावाकडून येणारा पोरगा राजधानीत येत नाही, बाजारात येतो. शहराचं लाडकं नाव ‘बोंगो’, म्हणजे मेंदू. इथे टिकायचं तर तो चालवावा लागतो.

परतायच्या आदल्या दिवशी मासींकडे गेले. त्यांच्या शेजारची जुनी इमारत पाडून काचेचा टॉवर उठतोय. यांच्याही इमारतीबद्दल दर वर्षी काहीतरी ऐकू येतं. चहा झाल्यावर मासींनी कपाटातून एक जाडजूड पितळी किल्ली काढली. ‘सगळं नेलं, ही मागायची राहिली,’ म्हणाल्या. गच्चीची किल्ली.

वर वारा भणाणत होता. समोर माजिदची खाडी, क्रेन्स, किगांबोनीहून येणारी खचाखच फेरी. मासींनी कठड्यावरचा कावळा हाकलला आणि विचारलं, ‘पूनामां घरना शुं भाव?’

‘बरी वन बीएचके घ्यायची तर ऐंशी लाख.’

‘शिलिंग?’

‘रुपये, मासी.’

त्या बराच वेळ बंदराकडे बघत राहिल्या. बोटांवर काहीतरी मोजलं, सोडून दिलं.

‘तू पण भाड्यानं राहतेस का गं?’