मालक हैदराबादेत, भाडेकरू नागपुरात

व्हिएन्नात एक चौक आहे. मधोमध महाराणी मारिया थेरेसाचा पुतळा, दोन्ही अंगांना समोरासमोर दोन अवाढव्य संग्रहालये. पुतळा 1888चा, संग्रहालये 1889 आणि 1891ला खुली झाली. राजघराण्याने आपला ऐवज आपल्याच राजधानीत मांडला.

वऱ्हाडाला असा चौक का नाही, याचे उत्तर करारनाम्यांत सापडते. 1853 मध्ये निजामाने हा मुलूख फौजेच्या खर्चापोटी इंग्रजांकडे सोपवला. 1902च्या करारात सालिना 25 लाख रुपयांवर कायमचाच दिला. मग वऱ्हाड मध्य प्रांताला जोडले गेले आणि कारभार नागपुरातून चालू लागला. 1936 मध्ये निजामाच्या युवराजाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ म्हणवून घेण्याचा मान मिळाला; राज्य मात्र तसूभरही नाही. भाड्याच्या घराला नक्षीचा दरवाजा कोण बसवतो? कापूस इथला, महसूल इथला, शोभा दुसरीकडे. अमरावतीला निजामाकडून मिळाला तो परकोट, तोही पेंढाऱ्यांपासून सावकारांच्या तिजोऱ्या वाचवायला. इंग्रजांनी एक कॉलेज काढून त्याला किंग एडवर्डचे नाव दिले.

मूर्तिजापूर तालुक्यातल्या राजनापूर-खिनखिनीला जैन धातुमूर्ती सापडल्या. त्याही नागपूरच्या अजब बंगल्यात, म्हणजे तिथल्या संग्रहालयात गेल्या. तेव्हा नागपूर प्रांताची राजधानी होते, हे एकवेळ समजू. आता कोणती अडचण आहे?

पुतळ्यांसाठी मात्र आपण जिवाचे रान करतो. जानेवारी 2022 मध्ये अमरावतीच्या राजापेठ उड्डाणपुलावर विनापरवाना बसवलेला छत्रपतींचा पुतळा महापालिकेने हटवला. शहर तापले, पुढच्याच महिन्यात आयुक्तांवर शाईही फेकली गेली. ज्यांच्या काळाचा एकेक कागद शोधण्यात इतिहास संशोधकांची हयात गेली, त्या महाराजांच्या नावाने आपण भांडतो ते चौथऱ्याच्या जागेसाठी. आपल्याच मातीतून निघालेल्या मूर्ती परत आणा म्हणून मोर्चा निघाल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.

अमरावती आणि अकोला, दोन्हीकडे महापालिका आहेत. अमरावतीच्या परकोटाच्या आत किंवा अकोल्याच्या असदगड किल्ल्याच्या आसपास एक बरी इमारत द्यावी, पहारेकरी नेमावेत आणि खिनखिनीच्या मूर्ती निदान उसनवार मागाव्यात. अजब बंगला राज्याच्या पुरातत्त्व खात्याकडे आहे. त्यासाठी अर्ज घेऊन हैदराबादला जावे लागत नाही, लंडनलाही नाही.