घरात व्हिडिओ गेम आलाय? मग दुसरा कंट्रोलर तुम्ही घ्या!



पालक सभेत मोबाइलची तक्रार नेहमीचीच असते. पण अलीकडे काही पालक वेगळाच प्रश्न घेऊन येतात. "मॅडम, वाढदिवसाला टीव्हीवरचा गेम घेऊन दिला. आता हा टीव्हीसमोरून हलतच नाही. काढून ठेवू का?"

या प्रश्नाला आपल्याकडे दोन ठरलेली उत्तरं मिळतात. एक म्हणजे, "त्या गेमनं मुलं बिघडतात, विकून टाका." आणि दुसरं, "आजकालच्या मुलांना हे लागतंच, खेळू द्या." मला ही दोन्ही उत्तरं अर्धवट वाटतात. पहिल्या उत्तरात मुलाचा विचार नाही आणि दुसऱ्यात पालकाची जबाबदारी नाही.

गेम घ्या किंवा घेऊ नका, हा ज्याच्या त्याच्या घरचा आणि खिशाचा प्रश्न आहे. पण एवढा पैसा घालून आणलाच असेल, तर त्याचा पुरेपूर उपयोग कसा करायचा? माझं मत अगदी साधं आहे. मशीन किती महाग आहे आणि गेम किती आहेत, यापेक्षा मुलाच्या शेजारी कोण बसलंय, हे जास्त महत्त्वाचं आहे.

मोबाइल आणि कन्सोल एकच नाहीत

प्लेस्टेशन, एक्सबॉक्स, निन्टेन्डो स्विच या मशीनना कन्सोल म्हणतात. आपण मोबाइलवरचे गेम आणि कन्सोल एकाच तराजूत तोलतो, तिथेच चूक होते. मोबाइल हा एकट्याचा असतो. मूल तो घेऊन कोपऱ्यात, पांघरुणात, गच्चीवर कुठेही जाऊ शकतं. आत काय चाललंय ते आपल्याला दिसतही नाही. टीव्हीला जोडलेला कन्सोल मात्र घराच्या मधोमध असतो. पडदा मोठा, आवाज सगळ्यांना ऐकू येणारा. आजी पोळ्या लाटता लाटतासुद्धा विचारू शकते, "अरे, तो कोणाच्या मागे पळतोय?"

म्हणजे कन्सोल आपल्या कॅरम बोर्डाच्या जास्त जवळचा आहे. पण तोच कन्सोल मुलाच्या खोलीत ठेवून दार लावून घेतलं, की त्याचा मोठा मोबाइल होतो. म्हणून माझा पहिला आग्रह हाच : कन्सोल हॉलमध्येच ठेवा.

पहिला कन्सोल दोघांसाठीच होता

घरात टीव्हीला जोडून खेळायचा पहिला कन्सोल १९७२ मध्ये अमेरिकेत आला. त्याचं नाव मॅग्नाव्हॉक्स ओडिसी. त्याला दोन कंट्रोलर होते. गंमत म्हणजे त्याला गुण मोजता येत नव्हते, आवाजही नव्हता. खोक्यात फासे, पत्ते, खोट्या नोटा आणि टीव्हीच्या काचेवर लावायची रंगीत चित्रं मिळायची. गुण खेळणाऱ्यांनीच लिहून ठेवायचे. म्हणजे कोण जिंकलं हे मशीन नाही, तर समोरासमोर बसलेली माणसं ठरवायची!

पुढे १९८३ मध्ये निन्टेन्डोने जपानमध्ये फॅमिकॉम आणला. त्याचेही दोन कंट्रोलर वायरने मशीनलाच जोडलेले होते. आपल्याकडे नव्वदच्या दशकात ज्या नकली मशीन घरोघरी आल्या, त्या याच फॅमिकॉमच्या नकला. माझ्या वयाच्या लोकांना ती कॅसेट, त्यावर लिहिलेले हजारो गेम आणि प्रत्यक्षात निघणारे पाच-दहा गेम आठवत असतील. काँट्रामध्ये दोघांनी मिळून खेळायचं, एकाचे जीव संपले की दुसऱ्याचे घ्यायचे आणि बाकीच्यांनी आपला नंबर यायची वाट बघत सतरंजीवर बसायचं. "तू मेलास, आता माझा डाव!" यावरून भांडणंही व्हायची. पण त्या भांडणातच नंबर लावणं, हरणं आणि पुन्हा खेळणं या तिन्ही गोष्टी शिकून व्हायच्या.

आज यात फरक पडलाय. प्लेस्टेशन ५ च्या खोक्यात एकच कंट्रोलर येतो. दुसरा खेळाडू इंटरनेटवर कुठेतरी असतो आणि त्याचा चेहरा दिसत नाही. मशीन सुधारली, पण सतरंजी रिकामी झाली. घरचा कन्सोल पुरेपूर वापरायचा म्हणजे ही सतरंजी पुन्हा भरायची.

तिसऱ्या गेमआधी दुसरा कंट्रोलर

प्लेस्टेशन ५ भारतात फेब्रुवारी २०२१ मध्ये आला तेव्हा डिस्कवाल्या मशीनची किंमत ४९,९९० रुपये होती. नवा मोठा गेम चार-पाच हजारांचा. एवढा खर्च करणारे पालक दुसऱ्या कंट्रोलरला मात्र "कशाला हवाय?" म्हणतात. माझ्या मते खरेदीचा क्रम असा असावा :

१. मशीन शक्यतो डिस्क चालणारी घ्या. डिस्कचा गेम मित्राला देता येतो, बदलून घेता येतो, कंटाळा आला तर विकता येतो. फक्त डाउनलोड केलेला गेम असा हातोहात देता येत नाही. वर्गातल्या चार मुलांकडे चार वेगळ्या डिस्क असतील, तर चौघांचेही पैसे वाचतात.

२. तिसरा गेम घेण्याआधी दुसरा कंट्रोलर घ्या. निन्टेन्डो स्विचचे दोन छोटे कंट्रोलर वेगळे करून बऱ्याच गेममध्ये दोघांना खेळता येतं.

३. एकाच टीव्हीसमोर बसून दोघांना खेळता येतील असे गेम निवडा. 'ओव्हरकुक्ड' या गेममध्ये सगळ्यांनी मिळून हॉटेलचं स्वयंपाकघर चालवायचं असतं. एकानं चिरायचं, एकानं शिजवायचं, एकानं ताटं धुवायची. बोलल्याशिवाय काम पुढे सरकतच नाही. 'माइनक्राफ्ट'मध्ये टीव्हीचा पडदा विभागून एकाच घरातले चौघे मिळून बांधकाम करू शकतात. आणि प्लेस्टेशन ५ मध्ये 'अ‍ॅस्ट्रोज प्लेरूम' हा छान गेम आधीच फुकट भरलेला असतो. तो एकट्याचा आहे, पण आळीपाळीने खेळता येतो. नवा गेम विकत घेण्याआधी तो तरी पूर्ण करायला सांगा.

'राजी' हा गेम पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या कंपनीने बनवला आहे. २०२० मध्ये तो कन्सोलवर आला. हरवलेल्या भावाला शोधायला निघालेल्या मुलीची ही गोष्ट आहे. त्यात दुर्गा आहे, जुने वाडे-महाल आहेत, सावल्यांच्या बाहुल्या आहेत. लढाई असल्यामुळे तो थोड्या मोठ्या मुलांसाठी ठीक. "असे गेम आपल्या पुण्यात बनतात" हे कळल्यावर मुलांच्या डोळ्यांत जी चमक येते, ती वेगळीच असते. आपणही हे बनवू शकतो, हा विचार तिथे रुजतो.

डब्यावरचा आकडा वाचा

औषध घेताना आपण तारीख बघतो. गेम घेताना मात्र डब्याकडे बघतही नाही. भारतात मिळणाऱ्या बऱ्याच डिस्कवर ३, ७, १२, १६ किंवा १८ असा आकडा छापलेला असतो. ही युरोपातली 'पेगी' नावाची पद्धत आहे. हा आकडा गेम किती अवघड आहे ते सांगत नाही, तर आतली दृश्यं आणि भाषा कोणत्या वयाला चालेल ते सांगतो. 'जीटीए ५' वर १८ लिहिलंय. तरीही चौथी-पाचवीची मुलं त्यातल्या गाड्या आणि बंदुकांच्या गप्पा मारताना मी ऐकते. मुलाने हट्ट केला म्हणून तो घेऊन द्यायचा आणि नंतर "भाषा बिघडली" म्हणून शाळेत तक्रार करायची, हे काही बरोबर नाही.

पैशाचंही तसंच. फुटबॉलच्या गेमवर ३ हा आकडा असला, तरी आत खेळाडूंची पाकिटं विकत घ्यायची सोय असते. पाकिटात कोण निघेल हे आधी माहीत नसतं, म्हणजे ती एक सोडतच. म्हणून आपलं कार्ड मशीनमध्ये सेव्ह करू नका. मुलाचं वेगळं खातं उघडा. तिन्ही मोठ्या कंपन्यांच्या मशीनमध्ये वयानुसार गेम अडवायची, खेळायची वेळ ठरवायची आणि खरेदी रोखायची सोय असते. अर्धा तास काढून हे सेटिंग करा आणि करताना मुलाला शेजारी बसवा. नियम लपूनछपून लावले तर मूल पळवाट शोधतं. समजावून लावले तर निदान वाद तरी समोरासमोर होतो.

वेळ मिनिटांत नाही, डावात मोजा

घरोघरी होणारं सगळ्यात मोठं भांडण इथलंच. आई म्हणते, "आत्ताच्या आत्ता बंद कर!" मूल म्हणतं, "पाच मिनिटं!" मग आई स्विच बंद करते आणि रडारड होते.

इथे मुलाची बाजू थोडी समजून घेऊ या. लगोरी रचता रचता कोणी दगड उचलून नेले, तर आपल्यालाही राग आला असता. बऱ्याच गेममध्ये ठरावीक ठिकाणी पोहोचल्यावरच खेळ सेव्ह होतो. मध्येच बंद केलं तर अर्ध्या तासाची मेहनत वाया जाते. म्हणून "अर्धा तास" असं न सांगता "दोन मॅच" किंवा "ही लेव्हल संपली की बंद" असं आधीच ठरवा. फुटबॉलची एक मॅच साधारण पंधरा मिनिटांत संपते, म्हणजे दोन मॅच अर्धा तास. वेळ तेवढाच, पण शेवट मुलाच्या लक्षात येणारा. अर्थात, एक लेव्हल किती वेळ चालते हे तुम्हाला माहीत हवं. आणि ते खेळल्याशिवाय कळणार नाही!

"अभ्यास केलास तर गेम" हे नको

हे माझं जरा कडक मत आहे. अभ्यासाच्या बदल्यात गेम दिला, की आपण नकळत मुलाला दोन गोष्टी शिकवतो. अभ्यास म्हणजे भोगायची शिक्षा आणि गेम म्हणजे जगातलं सगळ्यात मोठं सुख. मग पाढे कसेबसे उरकले जातात आणि लक्ष घड्याळाकडे राहतं. अभ्यास, मैदान, जेवण, झोप यांच्या वेळा ठरलेल्या असाव्यात आणि गेमचीही वेळ त्यातच ठरलेली असावी, बक्षीस म्हणून नाही आणि धमकी म्हणूनही नाही.

गेममधून भाषा आणि गणित

'माझा आवडता प्राणी' यावर पाच ओळी लिहिताना पेन्सिल चावणारा मुलगा गेमबद्दल विचारलं की दहा मिनिटं थांबत नाही. हा अनुभव वर्गात अनेकदा येतो. त्याच्याकडे सांगायला भरपूर आहे, फक्त आपण त्याचा विषय देत नाही. घरी हे करून बघा :

१. "मला हा गेम येत नाही, कसा खेळायचा ते लिहून दे" असं सांगा. आधी काय, मग काय, हे क्रमाने मराठीत लिहायला लावा. मग त्याच कागदावरून तुम्ही खेळा. जिथे अडाल, तिथे त्याचं वाक्य अपुरं आहे, हे त्याचं त्यालाच कळेल.

२. माइनक्राफ्टमधलं जग चौकोनी ठोकळ्यांचं असतं. "आठ बाय पाचच्या खोलीला फरशी घालायला किती ठोकळे लागतील?" हे आधी वहीत काढायचं, मग बांधायचं. क्षेत्रफळ पाठ करावं लागत नाही.

३. खेळून झाल्यावर विचारा, "आज कुठे अडलास? मग काय केलंस?" हा प्रश्न "जिंकलास का?" यापेक्षा कितीतरी चांगला.

मशीनची थोडी काळजी

कन्सोल बंद कपाटात कोंबू नका. त्याला हवा लागते आणि धूळ साठली की तो तापतो. खेळताना टीव्हीच्या सेटिंगमध्ये 'गेम मोड' लावा, म्हणजे बटण दाबल्यावर पडद्यावर हालचाल उशिरा होत नाही. वीज वारंवार जात असेल तर इन्व्हर्टर किंवा यूपीएसवर जोडा, कारण सेव्ह होताना वीज गेली तर खेळ बिघडू शकतो. आणि तासाभराने दहा-पंधरा मिनिटं उठायचंच.

कधी सावध व्हायचं?

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये 'गेमिंग डिसऑर्डर' हा आजार आपल्या आजारांच्या यादीत मंजूर केला. २०२२ पासून ती यादी लागू झाली. पण रोज गेम खेळणारं प्रत्येक मूल आजारी, असा त्याचा अर्थ नाही. खेळण्यावर ताबा न राहणं, बाकी सगळ्यापेक्षा गेमच महत्त्वाचा वाटणं आणि नुकसान होत असूनही न थांबणं, ही त्याची लक्षणं आहेत. ती साधारण वर्षभर टिकून राहिली आणि घर, शाळा, मैत्री यांवर मोठा परिणाम झाला, तर तो आजार धरला जातो. मूल मित्रांना टाळायला लागलं, झोप उडाली, जेवण सुटलं, तर मात्र वर्षभर वाट न बघता डॉक्टरांशी बोला. मुलाच्या शेजारी बसणाऱ्या पालकाला हे बदल लवकर दिसतात, हेही तितकंच खरं.

तर मित्रांनो, रोज बसायची गरज नाही. आठवड्यातून दोन संध्याकाळ पुरे. तुम्ही हराल, बटणं चुकतील, मूल हसेल. हसू द्या. शाळेत आणि घरात दिवसभर आपणच त्याला शिकवत असतो. या अर्ध्या तासात ते तुम्हाला शिकवतं. "बाबा, तसं नाही, आधी उडी मार, मग धाव" असं सांगताना त्याचा जो आवाज असतो, तो वर्गात उत्तर देतानाही ऐकू यावा, असं मला शिक्षिका म्हणून मनापासून वाटतं.

तुमच्या घरी गेमचे काय नियम आहेत, तेही नक्की सांगा.