बंधाऱ्यामागची हिरवी साय

पेठ वडगावच्या उत्तरेला वारणा आणि दक्षिणेला पंचगंगा. या नद्यांवरचे कोल्हापूर पद्धतीचे बंधारे तुम्ही पाहिलेच असतील. पावसाळा सरला की खांबांच्या खाचांत बरगे घालून पाणी अडवायचं आणि पुढच्या पावसाळ्याआधी ते काढायचे. आपला ऊस उन्हाळ्यात तगतो तो याच पाण्यावर. पण असं थांबलेलं पाणी तापलं की कधी कधी त्यावर हिरवी साय धरते. ही जलपर्णी नव्हे. जलपर्णीला पानं असतात. ही साय म्हणजे नुसत्या डोळ्यांना एकेकटे न दिसणारे कोट्यवधी सूक्ष्म जीव. त्यांतल्या निळ्या-हिरव्या शेवाळाच्या काही जाती विष तयार करतात आणि ते पाणी उकळूनही जात नाही!

ऑस्ट्रेलियातल्या डार्लिंग नदीत १९९१ साली असं शेवाळ सुमारे हजार किलोमीटर पसरलं होतं. तिथल्या न्यू साउथ वेल्स राज्याला चक्क आणीबाणी जाहीर करावी लागली.

साय धरणार हे आधी कळलं तर? त्यासाठी संगणकात नदीचं गणिती मॉडेल बनवतात. घ्या वही-पेन्सिल! समजा, शेवाळ दर दोन दिवसांनी दुप्पट होतं. पाणी चार दिवसांत बंधारा ओलांडून गेलं, तर तोवर ते चौपट. वीस दिवस तुंबलं तर? दहा वेळा दुप्पट करा : १,०२४ पट! शेवाळ तेच, ऊन तेच. फरक फक्त पाण्याच्या मुक्कामाचा.

“मग चाळीस दिवसांत दहा लाख पट?” तुमच्यातला एखादा चौकस विचारेलच. गुणाकार बरोबर आहे, पण नदीत तसं होत नाही. वरच्या शेवाळाची सावली खालच्यावर पडते, खाणंही संपतं. म्हणून संगणकाला ऊन, पाण्याचं तापमान, प्रवाह, शेतातल्या खतांतून आणि सांडपाण्यातून आलेला नायट्रोजन-फॉस्फरस, सगळं सांगावं लागतं. मग तो नदीचे लहान लहान तुकडे पाडून प्रत्येकाचा हिशेब तासातासाला करतो. रात्री शेवाळही प्राणवायू घेतं, त्यामुळे पहाटे मासे गुदमरू शकतात. तेही त्यात येतं.

संगणक फार हुशार असतो असं नाही हं! चुकीचे आकडे द्या, तो ऐटीत चुकीचं उत्तर देईल. बाटली घेऊन नदीवर कुणीतरी जावंच लागतं.

खरा पेच पुढे आहे. आठ दिवसांत साय धरणार असं कळलं, तर बरगे काढायचे? पाणी वाहतं होईल, पण उसाचं काय? आणि साठलेली घाण एकदम खालच्या गावांना, थेट नरसोबाच्या वाडीपर्यंत! मला विचाराल तर शुद्ध न केलेलं सांडपाणी नदीत येणं आधी थांबवावं. पण ते आठ दिवसांचं काम नाही.

सुट्टीत पोहायला गेलात आणि अशी साय दिसली, तर पाण्यात उतरू नका, गुरांनाही पाजू नका. कोणता बंधारा, कोणती तारीख, ते मात्र वहीत लिहून घरी मोठ्यांना दाखवा.