डोके माझे, पण हात कोणाचा?



'डोके माझे, फुटले तर माझे फुटेल, सरकारच्या बापाचे काय जाते?' हेल्मेटचा विषय निघाला की हे वाक्य बैठकीत येतेच आणि त्यावर टाळीही पडते. टाळी पडावी असेच ते वाक्य आहे. 'तुझ्या भल्यासाठी' असे म्हणत सरकार अंगणात आले की काय होते, हे कापूसवाल्याला दुसऱ्याने सांगायला नको. १९७१ च्या कायद्याने कापसाची एकाधिकार खरेदी आणली ती शेतकऱ्याच्या कल्याणासाठीच. पुढे कित्येक वर्षे आपलाच कापूस आपल्याच गाडीत घालून राज्याच्या हद्दीपलीकडे न्यायचा तर चोरासारखे रात्री निघावे लागत होते. कल्याणाचा हा अनुभव ज्याच्या पाठीवर आहे त्याने प्रत्येक सक्तीकडे संशयाने पाहावे, हेच बरोबर.

तेव्हा टाळी वाजवणाऱ्यांशी माझे भांडण नाही. भांडण आहे ते त्याच तोंडून येणाऱ्या पुढच्या वाक्याशी. 'यंत्र माझे, शेत माझे, मजूर आपल्या मर्जीने आला, आता त्यात कायदा कशाला?' पहिल्या वाक्यात डोके बोलणाऱ्याचे होते. दुसऱ्यात हात दुसऱ्याचा आहे. मधल्या मध्ये हा बदल झाला आणि टाळी मात्र दोन्हींना सारखीच पडली.

जॉन स्टुअर्ट मिल या इंग्रज पंडिताने १८५९ साली स्वातंत्र्यावर एक छोटेखानी पुस्तक लिहिले. त्याचे सूत्र असे, की दुसऱ्याला होणारी इजा टाळण्यासाठीच समाजाने माणसावर जबरदस्ती करावी. त्याच्या स्वतःच्या भल्यासाठी समजावावे, विनवावे, पण बळ वापरू नये. त्यात मोडक्या पुलाचा एक दाखला आहे. पूल धोक्याचा आहे हे माहीत नसलेला माणूस त्यावर पाय ठेवू लागला आणि सांगायला वेळच नसेल, तर त्याला खुशाल मागे ओढा. माहीत असून जात असेल तर इशारा द्या आणि बाजूला व्हा. दुसरा दाखला तर थेट आपल्या उपयोगाचा आहे. विषाच्या बाटलीवर 'हे विष आहे' अशी चिठ्ठी लावण्याची सक्ती केली तर कोणाचेही स्वातंत्र्य बुडत नाही, कारण आपण विकत घेतो ते विष आहे हे कळूच नये असे कोणत्याच गिऱ्हाइकाला वाटत नाही.

आता हीच बाटली यवतमाळात आणू. २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारणी करताना त्या जिल्ह्यात वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर मेले आणि शेकडो दवाखान्यात पडले. मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस ही त्यातली नावे. ही विषे नुसती तोंडावाटे जात नाहीत, कातडीतून आत उतरतात. शरीरात नसांचा निरोप पोचला की तो पुसून टाकणारे एक द्रव्य असते, त्यालाच ती बांधून टाकतात. मग निरोप थांबतच नाही. घाम, लाळ, डोळ्याची बाहुली बारीक, छातीत पाणी आणि शेवटी श्वास बंद. कपाशी डोक्याला लागलेली, फवारा वर तोंड करून, सदरा ओला. त्या शिवारात दिवसभर उभा असलेला माणूस बाटलीतले विष थेंबाथेंबाने अंगावर घेत होता.

चिठ्ठी होती की! कीटकनाशक कायदा १९६८ चा, नियम १९७१ चे. हा कायदासुद्धा फुकट आलेला नाही. १९५८ साली केरळात गव्हाच्या पिठात फॉलिडॉल मिसळले गेले आणि शंभरावर माणसे मेली, त्यानंतर दहा वर्षांनी तो आला. नियमांप्रमाणे बाटलीवर कोनावर उभा केलेला चौकोन असतो. त्याच्या खालच्या अर्ध्यात रंग असतो. लाल म्हणजे सर्वात जहाल, मग पिवळा, मग निळा, मग हिरवा. ठीक आहे. पण पंप पाठीवर घेणाऱ्याने ती बाटली पाहिलीच कुठे? बाटली मालकाने आणली, दोन-तीन औषधे एकाच बादलीत ओतली आणि मजुराच्या हाती आला तो भरलेला पंप. मिलच्या दाखल्यात विकत घेणारा आणि मरणारा माणूस एकच होता. आमच्या शिवारात ते दोघे वेगळे आहेत, आणि सगळा तंटा इथेच आहे.

मी वर 'औषध' लिहिले. आपण सगळेच लिहितो, बोलतो. औषध मारायचे, औषधाची उधारी, आणि ज्या घरात कोणी जीव दिला त्या घरातही 'औषध घेतले' असेच म्हणायचे. कंपनीला चिठ्ठी खोटी लिहिण्याची गरजच उरली नाही, तिच्यावरचा शब्द आपणच बदलून ठेवला. २०१३ साली बिहारमध्ये सारण जिल्ह्यातल्या शाळेत दुपारच्या जेवणात हेच मोनोक्रोटोफॉस गेले आणि २३ लेकरे गेली. त्या लेकरांचा काय करार झाला होता, कोणाशी?

मृत्यू झाले की साहेबलोक काय म्हणतात हेही ठाऊक आहे. 'हातमोजे घातले नाहीत, मास्क लावला नाही.' नियमांत संरक्षक कपडे आहेत, श्वासाचे यंत्र आहे, सगळे आहे. भादव्याच्या उन्हात, कमरेइतक्या चिखलपाण्यात, रबरी पोशाख घालून त्या साहेबांनी एक तास पंप चालवून दाखवावा. जो नियम पाळणे अशक्य आहे तो नियम माणसाला वाचवत नाही. तो अपघातानंतर दोष कोणावर टाकायचा याची आगाऊ सोय करून ठेवतो. जिथे असा पोशाख घालता येत नाही तिथे ते विष विकूच नये, हा साधा हिशोब. पण त्यात कारखानदाराला हात लावावा लागतो. मजुराला दोष देणे सोपे.

इथवर माना डोलतील. आता आपल्या घरात पाहू.

मळणीयंत्रात हात जाण्याचे प्रकार वाढले तेव्हा १९८३ साली संसदेने धोकादायक यंत्रांचा कायदा केला. यंत्राला सुरक्षेची साधने बसवणे बनवणाऱ्याला बांधील, हात गेला तर भरपाईची तरतूद. पेंढी आत घालण्याच्या पन्हळीचे भारतीय मानक आहे, ९० सेंटिमीटर लांबी आणि त्यातला निम्मा भाग वरून झाकलेला. ९० का? कारण माणसाचा हात त्याहून तोकडा असतो. कितीही ओढला गेला तरी दात्यांपर्यंत पोचू नये. इतकी साधी अक्कल, नुसता पत्र्याचा तुकडा. आणि तो तुकडा कापून काढतो कोण? सरकार नाही, दलाल नाही. रात्रीतून जास्त पोती निघावीत म्हणून आपल्यातलाच यंत्रवाला काढतो आणि पेंढी घालायला उभा असतो सालदाराचा पोरगा.

'तो मर्जीने आला.' हो, आला. काही विद्वान म्हणतील, उपाशी माणसाची संमती ही संमतीच नव्हे. मला हे पटत नाही. गरिबाची संमती मोजायचीच नाही असे एकदा ठरले, की गरिबासाठी सगळे ठरवणारा कोणीतरी बाबू लागतो. आणि मग कापूस कुठे विकायचा इथपर्यंत तो येऊन पोचतोच. ती वाट आपण पाहिलेली आहे. मजुराची संमती मोजायची, पण पुरती मोजायची. बादलीत काय आहे हे त्याला सांगितले होते का? पन्हळ कापलेली आहे हे दाखवले होते का? आणि हात गेला तर त्याची किंमत कोण देणार हे ठरले होते का? तिन्हींचे उत्तर 'नाही' असेल तर त्याने संमती दिली ती कामाला, हात देण्याला नव्हे.

काही जण म्हणतात, हे कायद्याचे काम नाही, नीतीचे आहे. आणि नीती धर्मातून येते. ठीक. १८९१ साल आठवा. मुलीच्या संमतीचे वय दहाचे बारा करणारा कायदा आला तेव्हा 'हा आमच्या घरचा आणि धर्माचा प्रश्न, परक्या सरकारने बोलू नये' असा टिळकांचा पक्ष होता. आगरकर कायद्याच्या बाजूने उभे राहिले. मिल आणि स्पेन्सर वाचलेला, व्यक्तीच्या स्वातंत्र्याचा एवढा मोठा कैवारी सरकारी कायदा मागतो, याचे कोणाला नवल वाटेल. त्यात विसंगती काहीच नाही. घर नवऱ्याचे असेल, पण शरीर त्या पोरीचे होते. त्याच वर्षी फुल्यांचे 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तक' त्यांच्या मागे छापून निघाले. त्यात नीतीचा पाया कोणत्या ग्रंथाच्या आज्ञेवर नाही. प्रत्येक स्त्री-पुरुषाला जन्मतः असलेल्या हक्कावर, आणि तो हक्क दुसऱ्याने आपल्या सुखासाठी तुडवू नये यावर आहे. एक पुण्यातला ब्राह्मण संपादक, एक पुण्यातलाच माळी. दोघांचे एकमेकांशी फार जुळले असे नाही, पण इथे दोघे एकाच बांधावर येतात.

आणि धर्माच्या वाटेने गेलात तरी पन्हळ कापू नये हेच निघेल. धर्म मानणारा यंत्रवालाही ती कापतोच. रात्री दोनला खळ्यावर ना इन्स्पेक्टर असतो ना पुजारी. असतो तो फक्त समोरचा माणूस.

मग हेल्मेटचे काय? माझे मत सांगतो, पटत नसेल तर बैठकीत खोडून काढा. एकट्या, सज्ञान माणसाला दंड करू नये. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यात पगडी बांधणाऱ्या शिखाला सूट आहे. म्हणजे श्रद्धेपोटी धोका पत्करण्याचा हक्क सरकारला मान्य आहे, मग नुसत्या मर्जीपोटी का नसावा? 'दवाखान्याचा खर्च समाजावर पडतो' हा युक्तिवादही मला चालत नाही. त्याच न्यायाने उद्या तंबाखू, तूप आणि रात्रीची जागरणे मोजायला शिपाई घरात येईल. पण टाकीवर पोर बसवले असेल तर तिथे मर्जी संपली, पोराचे डोके बापाच्या मालकीचे नाही. आणि उसाच्या दोन ट्रॉल्या एकामागे एक जोडून, मागे ना दिवा ना लाल पट्टी, पंक्चर झाली म्हणून रात्री भर रस्त्यात उभ्या करून जेवायला जाणाऱ्याने स्वातंत्र्याचा शब्द तोंडातून काढू नये. मागून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याने त्याला कसलीही संमती दिलेली नव्हती. तिथे दंड कमीच पडतो.

हेल्मेटसक्तीविरुद्ध ठराव मांडायचा असेल तर जरूर मांडा, मी हात वर करीन. पण त्याच कागदावर खाली लिहा, की आपल्या सभासदांच्या मळणीयंत्रांच्या पन्हळी रब्बीच्या मळणीआधी परत बसवल्या जातील, आणि गळीत हंगाम सुरू होण्यापूर्वी प्रत्येक ट्रॉलीच्या मागे लाल पट्टी लागेल. ती पट्टी हेल्मेटपेक्षा स्वस्त पडते.