रात्री गाडी लावतोस कुठं?

विजेची मोटार स्वस्त पडते असं जो सांगतो त्याला आधी हे विचारा : रात्री गाडी लावतोस कुठं?

सगळा हिशेब तिथंच अडतो. घरच्या मीटरवर बॅटरी भरली तर पेट्रोलपुढं खर्च पाव हिश्श्यावर येतो. खरं आहे, नाकारत नाही. पण त्याला घर पाहिजे, घराखाली हक्काची जागा पाहिजे, स्वतःच्या नावाचं मीटर पाहिजे. भावसिंगपुऱ्याच्या, मुकुंदवाडीच्या गल्लीत दोन हातगाड्या समोरासमोर आल्या तर एकीला मागं सरावं लागतं. तिथं वरून वायर सोडून रात्रभर मोटार चार्ज करायची? पंखा जास्त फिरला तरी घरमालक बोंबलतो, साला. मग बाहेरच्या चार्जरवर जा म्हणे. तिथला दर घरच्याहून जास्त. म्हणजे ज्याला घर नाही त्यानंच वीज महाग घ्यायची!

आणि किंमत? टाटांची टियागो ईव्ही २०२२ साली आली ती ८ लाख ४९ हजारांपासून. पाचवा हिस्सा रोख भरा, १ लाख ७० हजार. उरलेल्यावर ९ टक्क्यांनी सात वर्षं, हप्ता महिना अकरा हजारांच्या जवळपास. मी वाळूजला कंत्राटदाराकडं राबतो. ओव्हरटाइम धरून हातात पडतात सोळा हजार. हप्ता भरून आई-बहिणीला घेऊन गाडीतच राहू काय? सेकंडहँड घे म्हणणारेही भेटतात. जुनी पेट्रोलची गाडी गल्लीतला मेस्त्री ठोकूनठाकून चालती करतो. बॅटरी बसली की तोच मेस्त्री हात वर करतो, आणि गाडीच्या किमतीत सगळ्यात मोठा वाटा त्या बॅटरीचाच.

नाही परवडत तर नको घेऊ, रडतोस कशाला? रडत नाही. पैसा कुणाचा, एवढंच विचारतोय. महाराष्ट्र सरकारच्या २०२१ च्या धोरणात विजेच्या मोटारीला दीड लाखापर्यंत अनुदान होतं, लवकर घेणाऱ्याला वर आणखी लाख. अडीच लाख! माझा पंधरा महिन्यांचा पगार, चौदा-पंधरा लाखांची गाडी घेणाऱ्याच्या पदरात. स्कूटरला हीच दोन्ही मिळून फार तर पंचवीस हजार. काडीपेटीवरही कर भरणाऱ्या माझ्या आईनं या साहेबांच्या मोटारीला वर्गणी दिली. २०२५ च्या धोरणानं समृद्धी महामार्गावर विजेच्या मोटारीला टोल माफ. बसलाही माफ, ते बरं झालं. पण त्या रस्त्यावर रिक्षाला अन् दुचाकीला पाय ठेवायचीच बंदी. आम्हाला माफी काय, मनाई!

या गावाला घाऊक मोटारींची हौस जुनी आहे. २०१० साली औरंगाबादच्या बड्या मंडळींनी एकदम दीडशे मर्सिडीज घेतल्या, ६५ कोटींच्या. स्टेट बँकेनं चाळीस कोटींवर कर्ज दिलं, ७ टक्क्यांनी. ट्रॅक्टर घेणाऱ्या मराठवाड्यातल्या शेतकऱ्याला तेव्हा बाराच्या पुढं व्याज. गाडीखालचं इंजिन बदललं, बँकेची नजर तीच. आजही विजेची रिक्षा घ्यायला निघालेल्या पोराला पत्ता विचारतात, पत्ता ऐकून जामीनदार मागतात.

धूर कमी झालाच पाहिजे. तो आमच्याच छातीत जातो. मग पैसा बसला द्या. २०११ च्या जनगणनेत पावणेबारा लाखांचं हे शहर, त्याला २०१९ साली स्मार्ट सिटीच्या बस आल्या शंभर, त्याही डिझेलच्या. रात्रपाळी सुटल्यावर आम्ही शेअर रिक्षात एकमेकांच्या मांडीवर बसून येतो. त्या रिक्षाची बॅटरी आधी स्वस्त करा, कर्ज ७ टक्क्यांनी द्या. मर्सिडीजला जमलं होतं ना?

आणि बिडकीनकडं लक्ष ठेवा. जुलै २०२४ मध्ये टोयोटा-किर्लोस्करनं सरकारशी करार केलाय : २० हजार कोटी, वर्षाला ४ लाख विजेच्या आणि हायब्रीड गाड्या. त्या जोडायला आपलीच पोरं जाणार. कायम किती आणि कंत्राटी किती, ते आत्ताच लिहून मागा. पहिली गाडी गेटाबाहेर पडल्यावर कोण दाद देणार?